पायाशी उजेड

मी एक जुनी बॅटरी आहे. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, दुकानदार टॉर्च म्हणतात. पण ज्या थिएटरात माझी उमेदीची वर्षं गेली तिथे सगळे मला बॅटरीच म्हणायचे, आणि तेच नाव माझ्या अंगवळणी पडलं आहे. तुमच्या घरातल्या फोनमध्ये हल्ली एक दिवा असतो म्हणे. असू दे बापडा. मी त्याच्याशी भांडायला आलेली नाही. पण मित्रांनो, त्या दिव्याला नुसता उजेड पाडता येतो. उजेड नेमका कुठे पाडायचा हे मला शिकवलेलं आहे, आणि त्याचा मला या वयातही अभिमान वाटतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्याची नळी करून माझं अंग घडवलं, त्यावर चकचकीत मुलामा दिला, तोंडाशी जाड काच बसवली आणि पोटात तीन दणकट सेल बसतील एवढी जागा ठेवली. बटण इतकं घट्ट की दाबणाऱ्याचा अंगठा दुखून यायचा. माझ्याबरोबरच्या काही जणी रखवालदारांकडे गेल्या, काही गोदामात गेल्या. मला एका सिनेमा थिएटरच्या मॅनेजरने उचललं. त्याने मला तळहातावर तोलून पाहिलं आणि "ही चालेल" एवढंच म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी होती.

मॅनेजरने मला एका नव्या डोअरकीपरच्या हाती दिलं. थिएटरच्या दारात उभं राहून तिकीट फाडायचं आणि उशिरा आलेल्या माणसाला अंधारातून त्याच्या खुर्चीपर्यंत न्यायचं, हे डोअरकीपरचं काम. आमचे डोअरकीपर तेव्हा अगदी कोवळे, काटकुळे होते. थिएटरने दिलेला खाकी कोट त्यांना एवढा मोठा व्हायचा की त्यात आणखी एक डोअरकीपर सहज मावला असता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका धिप्पाड गृहस्थाच्या तोंडावर रोखलं. गृहस्थांचे डोळे दिपले, त्यांनी शेजारच्या बाईंच्या पायावर पाय दिला, आणि पडद्यावर नायक रडत असताना बाईंनी जी किंकाळी फोडली तिला सगळं थिएटर हसलं.

हेड डोअरकीपरने त्यांना बाहेर नेऊन कान धरला. म्हणाला, "तोंडावर मारायची नाही. बॅटरी पायाशी मारायची. माणसाला पुढचं पाऊल दिसलं की झालं, बाकीचं तो बघून घेतो." तेव्हापासून इतकी वर्षं लोटली, पण आमच्या डोअरकीपरांनी मला पुन्हा कुणाच्या तोंडावर धरलं नाही.

या एका सवयीमुळे एक गंमत झाली. अंधारात त्यांना लोकांचे चेहरे कधी दिसतच नसत, दिसत ते पाय. हळूहळू ते पायांवरूनच माणूस ओळखायला लागले. दातांचे डॉक्टर टाचा घासत यायचे. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी एकाच वेळी एकच पाऊल टाकायच्या. मास्तर नवे बूट घालून आले की लंगडायचे. रस्त्यात भेटले तर डोअरकीपर यांतल्या कुणालाही ओळखत नसत, पण थिएटरात मी पायाशी उजेड पाडला रे पाडला की म्हणायचे, "या डॉक्टर, तुमची नेहमीची जागा ठेवलीय." डॉक्टरांना वाटायचं, या माणसाला अंधारात दिसतं.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. पुढच्या खुर्चीवर पाय ठेवलेले त्यांना मुळीच खपत नसत. कुणी पाय पसरलेले दिसले की ते त्या खुर्चीवर माझ्या बुडाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "पाय खाली." एकदा मॅनेजरसाहेबांचा मेहुणाच तसा ऐसपैस बसला होता. "मी कोण आहे माहीत आहे का?" असं त्याने विचारलं. डोअरकीपर म्हणाले, "पाय खाली घ्या, मग सांगा." माझ्या बुडाला अजून पोचे आहेत. ते त्या टकटकीचे आहेत, आणि मी ते दागिन्यासारखे मिरवते.

तिकिटाच्या खिडकीत एक मुलगी बसायची. अर्धगोल भोकातून लोकांना तिचा फक्त हात दिसायचा. तिकिटं संपली, खिडकी बंद झाली की ती मागच्या दाराने आत यायची आणि भिंतीला टेकून एखादं गाणं बघायची. डोअरकीपर तिच्या पायाशी मला धरायचे आणि हळूच म्हणायचे, "या खिडकीबाई." डावं पाऊल जरासं बाहेर, उजवं सरळ, अशी तिची चाल होती. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या थिएटरने त्यांना चिडवून घेतलं. लोक मुलगी बघायला गेले की चेहरा बघतात, या पठ्ठ्याने पायांपासून सुरुवात केली, असं प्रोजेक्टरवाला सगळ्यांना सांगत फिरला. लग्नानंतर ती "अहो" म्हणायला लागली, हे मात्र "खिडकीबाई"च म्हणत राहिले. त्यांना एक मुलगी झाली. ती थिएटरच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करायची आणि लिहिता लिहिता वडिलांसारखी लोकांचे पाय ओळखायची.

माझ्या मोठेपणाचा एक प्रसंग सांगतेच, नाहीतर मला चैन पडणार नाही. खेळ भरात आला असताना मशीनच्या खोलीत धूर झाला आणि वीज गेली. थिएटर खच्चून भरलेलं होतं. माणसं उठली, ओरडायला लागली. डोअरकीपर दाराशी उभे राहिले, मला पायऱ्यांवर धरलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणत राहिले, "पायाशी बघा, एकेक पायरी, सावकाश." सगळं थिएटर माझ्या उजेडातून बाहेर गेलं. एक माणूस पडला नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी नवे सेल दिले. डोअरकीपरांना काहीच दिलं नाही, पण ते माझ्यापेक्षा जास्त खूश होते.

मित्रांनो, थिएटरांचेही दिवस फिरतात. आमचं थिएटर एक दिवस बंद पडलं. खुर्च्या भंगारात निघाल्या. ज्याला जे हवं ते घेऊन जा, असं मॅनेजर म्हणाले तेव्हा आमच्या डोअरकीपरांनी मला घेतलं आणि खुर्च्यांच्या पाठीवरचे पत्र्याचे आकडे काढून खिशात भरले. खिडकीबाईंनी विचारलं, "या आकड्यांचं काय लोणचं घालायचंय?" आकडे आणि मी एका खणात जाऊन पडलो. पोटातले सेल फुटले, अंगावर हिरवा गंज चढला. आपलं आयुष्य संपलं असंच मला वाटायला लागलं होतं.

खणात असले तरी मला ऐकू येत होतं. डोअरकीपर म्हातारे झाले आणि विसरायला लागले. आधी चहा घेतल्याचं विसरले. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायची वाट विसरले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा विस्मरणाचा आजार आहे, याला डिमेन्शिया म्हणतात, आणि आता हे असंच वाढत जाणार. मुलगी तोपर्यंत लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. घरात दोघंच. एका सकाळी खिडकीबाईंनी चहा पुढे ठेवला तेव्हा त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" स्वयंपाकघरात जाऊन खिडकीबाईंनी नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला डोअरकीपर बेचैन व्हायचे. तीनचा खेळ असायचा ना. ते कोट चढवायचे आणि दाराकडे धावायचे. दार लावलं तर दारावर मुठी आपटायचे. खिडकीबाई समजावून थकल्या. मग एका दुपारी त्यांनी खण उघडला, मला बाहेर काढलं, चाकूने माझा गंज खरवडला, नवे सेल घातले आणि मला त्यांच्या हातात दिलं. पडदे ओढले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन रांगांत मांडल्या, आणि पत्र्याचे आकडे दोऱ्याने खुर्च्यांना बांधले. मग त्या दाराबाहेर गेल्या, कागदाचा एक कपटा घेऊन आत आल्या आणि उभ्या राहिल्या.

डोअरकीपरांनी कपटा फाडला. अर्धा परत दिला. मला खाली धरलं, पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "या खिडकीबाई. सहा नंबर."

सकाळी ज्यांनी चेहरा ओळखला नाही त्यांनी तीन वाजता पाय ओळखले. खिडकीबाई सहा नंबरवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. डोअरकीपरांना वाटलं, सिनेमा चांगला आहे.

तेव्हापासून रोज तीनचा खेळ लागायला लागला. पडद्यावर काही नसायचं, पण डोअरकीपर खुर्च्यांमधून फिरत राहायचे. खिडकीबाई घरात घालायचे कापडी बूट काढून खुर्चीखाली ठेवायच्या आणि बसल्या बसल्या डुलकी काढायच्या. दिवसभरात त्यांना तेवढीच विश्रांती. एका म्हाताऱ्या माणसाला काम मिळालं, एका म्हाताऱ्या बाईला झोप मिळाली, आणि दोन्ही माझ्यामुळे. सांगा, मी का मिरवू नये?

आणि मग ती साथ आली. तुम्हाला आठवत असेल, सगळी दारं बंद झाली होती. सकाळी डोअरकीपरांना सांभाळायला एक बाई यायच्या, त्यांचं येणं थांबलं. मुलीच्या शहराचे रस्ते बंद झाले. सगळा भार एकट्या खिडकीबाईंवर पडला. त्यांना स्वतःला कित्येक वर्षांची साखरेची व्याधी होती. तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, डोळे तपासायचे, पाय दाखवायचे, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. व्याधीने पाय बधिर झाले होते म्हणून तर घरातही बूट घाला असं सांगितलं होतं. आधी दवाखानाच बंद होता. उघडला तेव्हा तिथे गर्दी होती. ह्यांना कुणाजवळ ठेवणार? बरोबर न्यावं, तर ते तोंडावरचं फडकं ओढून काढत. आणि तिथून आजार घरी आणला तर? "बघू पुढच्या महिन्यात," असं म्हणत त्या जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या मागवत राहिल्या.

डोअरकीपरांच्या पायाची नखं खिडकीबाई वेळच्या वेळी कापत. त्यांच्या टाचांना तेल लावत. स्वतःच्या पायांपर्यंत त्यांचं वाकणंच होत नव्हतं, आणि चष्म्याचा नंबर वाढून इतके दिवस झाले होते की वाकल्या असत्या तरी त्यांना धड दिसलं नसतं.

त्या दिवसांत डोअरकीपरांनी एक नवीनच टुमणं लावलं. "सहा नंबर कुठे गेला?" खरंच, सहाचा आकडा खुर्चीवर नव्हता, दोरा नुसता लोंबत होता. ते मला घेऊन खुर्च्यांखाली शोधायचे. खिडकीबाईंनी पुठ्ठ्यावर सहा लिहून बांधला, तर त्यांनी तो काढून हातात दिला. म्हणाले, "हा नकली आहे." दिवसभर तेच. "सहा नंबर सापडत नाही. प्रेक्षक कुठे बसवू?" खिडकीबाई दमून म्हणायच्या, "अहो, असेल इथेच कुठेतरी. पाय फुटलेत का त्याला?"

एका दुपारी त्या नेहमीप्रमाणे कपटा घेऊन दारात उभ्या राहिल्या. डोअरकीपरांनी मला खाली धरलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मीही बघत होते. डावा बूट फुगला होता. करंगळीच्या बाजूला कापडावर एक ओलसर काळा डाग होता. आणि ते डावं पाऊल, जे नेहमी जरासं बाहेर पडायचं, ते आज आत वळून फरपटत होतं. मित्रांनो, मला फक्त उजेड पाडता येतो, बोलता येत नाही. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

डोअरकीपर मान हलवून म्हणाले, "हे पाऊल खिडकीबाईंचं नाही. तुम्ही दुसऱ्याचं तिकीट घेऊन आलात."

"अहो, मीच आहे," त्या म्हणाल्या.

"नाही. तुम्ही बाहेर थांबा. त्या येतीलच एवढ्यात."

त्यांनी खिडकीबाईंना बसू दिलं नाही. दाराशी उभे राहून ते खऱ्या खिडकीबाईंची वाट बघत राहिले, आणि खऱ्या खिडकीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा, नाव, संसार, सगळं पुसलं गेलं होतं, आणि पाय तेवढे उरले होते. आता तेही गेले असं त्यांना वाटलं.

त्यांनी मुलीला फोन लावला. फोनवर मुलगी दिसत होती. "आज मला त्यांनी पायांवरून पण ओळखलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मुलगी म्हणाली, "आई, बाबा नेमकं काय म्हणाले?"

"म्हणाले, हे पाऊल खिडकीबाईंचं नाही."

"नुसतं ओळखलं नाही, असं नाही ना? हे पाऊल त्यांचं नाही, असं म्हणाले?"

"काय फरक पडतो त्याने?"

"पडतो. आई, बाबांचं सगळं चुकेल, पाऊल चुकणार नाही. मी त्यांच्याजवळ बसून बघितलंय लहानपणी. पाय दाखव तुझे."

"माझ्या पायांना काय धाड भरलीये?"

"भरली नसेल तर दाखव."

खिडकीबाईंनी फोन खाली धरला. मुलीने बूट बघितला आणि तिचा चेहरा उतरला. बूट काढायला सांगितला तर तो निघेना. मोजा आत चिकटला होता. मुलीने तिथूनच इस्पितळात फोन केला. उद्या सकाळी घेऊन या, उशीर करू नका, पाय हातचा जाईल, असं तिथून सांगितलं. आणि एक अट घातली. पेशंटबरोबर कुणी यायचं नाही.

"मग राहू दे," खिडकीबाई म्हणाल्या. "ह्यांना कुणाकडे ठेवू? पिशवी आहेत का खुंटीला अडकवायला?"

"आई, तुझा पाय जाईल."

"आणि हे रस्त्यावर गेले तर? मला पाय नको, मला ह्यांची काळजी आहे."

"तुझा पाय गेला तर त्यांच्यामागे धावणार कोण?" मुलगी जरा चढ्या आवाजात म्हणाली. मग मुलगी शांत झाली आणि म्हणाली, "बाबांना घेऊनच जा. पेशंटचे नातेवाईक म्हणून नाही. कामावर ने त्यांना."

सकाळी डोअरकीपरांना खाकी कोट चढवला. आता तो कोट त्यांना पुन्हा मोठा व्हायला लागला होता. मला त्यांच्या हातात दिलं. तोंडावर फडकं बांधताना त्यांनी हात झटकला, तेव्हा खिडकीबाई म्हणाल्या, "मॅनेजरसाहेबांचा हुकूम आहे. आजपासून सगळ्या स्टाफने तोंड बांधायचं." डोअरकीपर ताठ झाले. "असं आधी सांगायचं ना," म्हणाले, आणि दिवसभर त्यांनी त्या फडक्याला हात लावला नाही. मॅनेजरसाहेबांना जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा हुकूम अजून चालतो.

इस्पितळाच्या दारात रखवालदाराने अडवलं. "आजी, एकालाच आत सोडतो. पेशंट कोण?"

"मी."

"मग आजोबांना बाहेर थांबू द्या."

"ते बाहेर थांबले तर मीही बाहेरच."

रखवालदाराने सुस्कारा सोडला आणि ताप बघायचं यंत्र खिडकीबाईंच्या कपाळावर रोखलं. डोअरकीपर एकदम पुढे झाले. "अहो, तोंडावर काय मारताय? पायाशी मारा. कुणी शिकवलं तुम्हाला?"

रखवालदार गोंधळला. त्याने खाकी कोट बघितला, मला बघितलं, खिडकीबाईंकडे बघितलं. काय ते त्याच्या लक्षात आलं असावं. म्हणाला, "चुकलं आजोबा. अजून नवीन आहे मी."

"होतं असं. गर्दी आहे का?"

"सकाळपासून हाऊसफुल."

"मग आत कुणी आहे का बॅटरी दाखवायला?"

"नाही ना. त्याचीच पंचाईत आहे." आणि मग रखवालदाराने आतल्या सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, एक पेशंट पाठवतोय. सोबत आणखी एक जण आहेत. नाही, नातेवाईक नाही. आमच्या खात्यातले आहेत, सीनियर."

मित्रांनो, त्या लांबलचक व्हरांड्यात निम्मे दिवे बंद होते. डोअरकीपरांनी माझं बटण दाबलं आणि मला खाली धरलं, दोन पावलं पुढे, अगदी पूर्वीसारखं. "पायाशी बघा, सावकाश," असं म्हणत त्यांनी त्या दुखऱ्या पावलाला शेवटपर्यंत उजेड दिला. ते पाऊल कुणाचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तरी त्यांनी त्याला नेलं. माझ्या सगळ्या नोकरीत याहून मोठं काम मी केलेलं नाही, थिएटरातल्या त्या धुराच्या दिवशीही नाही.

डॉक्टरबाईंनी बूट कापून काढला. मोजा भिजवून सोडवला. मग बुटातलं तळाचं कापड उचललं आणि आतून काहीतरी खणकन जमिनीवर पडलं. डोअरकीपर दाराशी उभे होते. त्यांनी मला त्या वस्तूवर धरलं.

"सहा नंबर," ते म्हणाले. "मी केव्हापासून सांगतोय."

दोऱ्यातून सुटलेला आकडा खुर्चीखालच्या बुटात पडला होता. झोपेतून उठून खिडकीबाईंनी त्यावरच पाय घातला, तो तळाच्या सुट्या कापडाखाली सरकला आणि त्या किती दिवस त्यावर चालत होत्या कोण जाणे. पत्र्याचं टोक करंगळीखाली घुसलं होतं.

"हे तुम्हाला टोचलं नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही हो. पायांना काही कळतच नाही."

"शेवटची तपासणी कधी केली होती?"

खिडकीबाईंना आठवेना. डॉक्टरबाईंनी यजमानांच्या गोळ्या विचारल्या, तर त्यांनी सगळ्या घडाघडा म्हणून दाखवल्या, कुठली सकाळी, कुठली जेवणानंतर, कुठली चहात विरघळवून. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, यांची एक गोळी चुकली नाही तुमच्या हातून. तुमची कुणी बघायची?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण खिडकीबाईंची मान खाली गेली.

करंगळी वाचणार नव्हती. पाऊल वाचणार होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर तेही नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. आत त्यांचं काम चाललं होतं तोवर बाहेर डोअरकीपर आणि मी आमचं काम करत होतो. अंतर राखायला तिथे एकाआड एक खुर्चीवर फुली मारली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाशी ते मला धरायचे आणि म्हणायचे, "या. एक सोडून बसा. आज फुलीवर कुणी बसायचं नाही." माणसं चिंतेने काळवंडून आलेली असायची, पण त्यांच्यामागून निमूट जायची आणि बसल्यावर जराशी हसायची. सिस्टर खिडकीबाईंना म्हणाल्या, "पट्टी बदलायला याल तेव्हा यांना घेऊनच या. तुम्ही नाही आलात तरी यांना पाठवा."

पाऊल हळूहळू भरून आलं. रोज एकदा चांगल्या उजेडात दोन्ही पाय उघडे करून बघायचे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मुलीने फोनवर वेळ ठरवून दिली, तीनच्या खेळाची. तेव्हापासून रोज मुलगी फोनवर असते, फोन टेबलाला टेकवून ठेवलेला असतो, आणि आईने पाय दाखवल्याशिवाय ती खेळ सुरू होऊ देत नाही.

पट्टी असताना खुर्चीत बसून पाय खाली सोडायचा नव्हता. त्यामुळे पहिल्या दुपारी खिडकीबाईंना मोठाच पेच पडला. त्या सहा नंबरवर बसल्या, भीत भीत दोन्ही पाय उचलले आणि पुढच्या खुर्चीवर ठेवले. उजवा उघडा होता, डाव्याला पांढरी पट्टी. डोअरकीपर रांगेतून फिरत आले. पुढच्या खुर्चीवर पाय. त्यांचा हात टकटक करायला उठला. माझं बूड खुर्चीपासून वीतभर अंतरावर होतं. फोनमध्ये मुलगीही श्वास रोखून बघत होती.

टकटक झाली नाही. त्यांनी मला वळवलं आणि माझा उजेड उजव्या पावलावर पडला. तो तिथे बराच वेळ राहिला. मग तो डाव्यावर गेला, पट्टीवरून करंगळीच्या रिकाम्या जागेवर गेला आणि तिथे थांबला.

"खिडकीबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पाय राहू द्या. आज गर्दी नाही."

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझी काच एका बाजूला तडकली आहे आणि मुलामा तर केव्हाच उडाला. तरी दाराजवळच्या खिळ्यावर मी मानाने लटकते. मला तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागायचं नाही. पण इतकी वर्षं हे काम करून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. बॅटरी धरणारा नेहमी दुसऱ्याच्या पायाशी उजेड पाडतो. त्याचे स्वतःचे पाय अंधारातच राहतात, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, त्याचंही जात नाही. तुमच्या घरातही कुणी आजारी असेल, आणि त्याला सांभाळणारी आई असेल, आजी असेल, मावशी नाहीतर काका असेल. आजारी माणसाची विचारपूस सगळेच करतात. तुम्ही त्या सांभाळणाऱ्याजवळ जा आणि विचारा, तू डॉक्टरकडे शेवटचा कधी गेलास? त्याने "बघू पुढच्या महिन्यात" म्हटलं तर ऐकू नका. त्याच्या पायाशी उजेड धरा आणि त्याला घेऊन जा.

आता मला निघायला हवं. पडदे ओढले गेलेत, कोटाची बटणं लागली आहेत, आणि दाराबाहेर सावकाश, जरासं बाहेर पडणारं एक पाऊल वाजतं आहे.